घरच्या एसीचा खरा खर्च: खरेदी, जोडणी आणि देखभाल यांचे टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पहिल्यांदा एसी घेणारे कुटुंब दुकानात किमतीवर भरपूर घासाघीस करते, मात्र जोडणीच्या दिवशी कोण काय करतो याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. वास्तविक दहा वर्षांच्या एकूण खर्चात यंत्राची किंमत जेमतेम एक तृतीयांश भरते. उरलेला पैसा विजेच्या बिलात, सर्व्हिसिंगमध्ये आणि दुरुस्त्यांमध्ये जातो, आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्त्यांचे मूळ जोडणीतल्या हयगयीत असते. हा लेख महाराष्ट्रातल्या शहरी सदनिकेत बसवल्या जाणाऱ्या एक ते दीड टनाच्या स्प्लिट (खोलीतला इनडोअर आणि बाहेरचा आउटडोअर अशा दोन युनिटांच्या) एसीला समोर ठेवून लिहिला आहे. यातील रुपयांचे आकडे मोठ्या शहरांतले ढोबळ अंदाज आहेत. तुमच्या गावात ते थोडे वरखाली होतील.

१. आधी दहा वर्षांचा हिशेब मांडा

समजा, दीड टनाचा तीन तारांकित इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारा) एसी ३६,००० रुपयांना मिळाला आणि जोडणी, स्टँड व जादा पाइप मिळून ५,००० रुपये लागले. उन्हाळ्यातल्या शंभर रात्री रोज आठ तास तो चालला, तर वर्षाला साधारण ५०० युनिट वीज लागेल. सर्व आकारांसह एक युनिट १४ रुपयांना पडते असे धरले, तर वर्षाचे ७,००० आणि दहा वर्षांचे ७०,००० रुपये होतात. वर्षातून दोन सर्व्हिसिंगचे प्रत्येकी ७०० रुपये धरल्यास त्यात आणखी १४,००० रुपयांची भर पडते. म्हणजे एकही मोठी दुरुस्ती न निघता हा एसी सव्वा लाखाच्या घरात जातो. खरेदीच्या वेळी हजार रुपयांची सूट मिळवण्यात दुपार घालवण्याआधी हे चित्र डोळ्यांसमोर असावे.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनुसार दर चढत जातो. एसीची वीज तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढते, त्यामुळे तिला वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर एसीच्या हिशेबासाठी घेऊ नका. बिलामागचा दरतक्ता पाहून तुमचे शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात येते ते शोधा, त्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क) मिळवा आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क धरा. ‘तीनशेच्या वर गेलात की सगळीच युनिटे महाग होतात’ असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो.

२. टन आणि तारे ठरवा

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि दीडशे ते एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीला दीड टन, हा ढोबळ नियम ठीक आहे. मात्र वरचा मजला, पश्चिमेची भिंत किंवा मोठी काच असेल तर अर्धा टन वाढवावा लागतो. उगाच मोठा एसी घेण्यातही शहाणपण नाही. तो खोली झटपट गार करून थांबतो, हवेतला दमटपणा पुरेसा काढत नाही, आणि मुंबई-कोकणात तर खोली थंड असूनही अंगाला चिकचिक जाणवत राहते.

ताऱ्यांच्या लेबलवर ‘आयएसईईआर’ (खर्चलेल्या विजेमागे किती थंडावा मिळतो याचे प्रमाण, जास्त तितके चांगले) हा आकडा आणि वार्षिक वीजवापर छापलेला असतो. हा वीजवापर वर्षाला १,६०० तास एसी चालेल असे धरून काढलेला असतो, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. तुमचा वापर ८०० तासांचा असेल तर लेबलवरचा आकडा निम्मा करा. उदाहरणार्थ, तीन तारांकित एसीचे लेबल १,००० युनिट आणि पाच तारांकिताचे ७८० युनिट दाखवत असेल, तर ८०० तासांत फरक ११० युनिटांचा, म्हणजे वरील दराने सुमारे १,५४० रुपयांचा पडतो. दोन्हींच्या किमतीत ९,००० रुपयांचे अंतर असेल तर ते भरून निघायला जवळजवळ सहा वर्षे लागतात. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे एसी मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच लागतो, तिथे माझ्या मते शयनगृहासाठी तीन तारे पुरेसे आहेत. मुंबईत वर्षातले आठ महिने एसी लावणाऱ्यांनी किंवा घरूनच काम करणाऱ्यांनी मात्र पाच तारांकितच घ्यावा. १,६०० तासांच्या वापरात तीच जादा किंमत तीन वर्षांत वसूल होते.

येथे एक सापळा आहे. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे गेल्या खेपेचा पाच तारांकित एसी नव्या निकषांत चार किंवा तीन ताऱ्यांचा ठरतो. जुना साठा ‘पाच स्टार, भरघोस सूट’ म्हणून विकायला काढलेला असेल, तर लेबलवरचा वैधतेचा काळ आणि आयएसईईआरचा आकडा पाहा आणि तुलना आकड्यांचीच करा. ऊर्जा दक्षता ब्युरो (बीईई) या तारे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बीईई स्टार लेबल’ या अॅपवर मॉडेल क्रमांक टाकून लेबल खरे आहे की नाही हेही तपासता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. विक्रेत्याने करकपातीलाच स्वतःची सवलत म्हणून सांगितले तर भुलू नका.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. टनांत सांगितलेली मानांकित क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की तोच दीड टनाचा एसी तेवढी उष्णता खेचू शकत नाही. त्यामुळे वाढलेल्या तापमानात क्षमता किती उरते हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर अजूनही उत्तम आणि कितीतरी स्वस्त पडतो. पावसाची चाहूल लागली की तो निरुपयोगी होतो. दोन्ही ठेवण्याची तिकडची जुनी रीत हिशेबाने अगदी बरोबर आहे.

३. घर तयार करा

एसी घरी येण्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नंतर नव्हे. दीड टनाच्या एसीसाठी मीटरच्या पेटीपासून स्वतंत्र तार, साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतले अर्थिंग असावे. जुन्या इमारतींत गिझरच्या पॉइंटवरून एसीला जोड देण्याचा मोह होतो. त्यातून प्लग काळा पडणे, सॉकेट वितळणे असे प्रकार घडतात. दोन-तीन एसी बसवणार असाल तर वीजबिलावर छापलेला मंजूर भार पाहून गरज असल्यास तो वाढवून घेण्याचा अर्ज करा.

बहुतेक इन्व्हर्टर एसी ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे सांगून विकले जातात. हे विधान माहितीपत्रकात दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेपुरतेच खरे असते. तुमच्या भागात संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर मोजून पाहा आणि मगच ठरवा. पीसीबी (एसीचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) बदलण्यासाठी वॉरंटीनंतर पाच ते बारा हजार रुपये मोजावे लागतात. त्यापुढे स्टॅबिलायझर स्वस्त आहे.

सोसायटीत आउटडोअर कुठे बसवायचा याची परवानगी लेखी घ्या, आणि भाड्याच्या घरात घरमालकाची. आउटडोअर बंदिस्त डक्टमध्ये किंवा जाळी लावून झाकलेल्या बाल्कनीत बसवला तर त्याने बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा तोच ओढतो आणि वीजवापर वाढतो. सर्व्हिसिंगला माणूस तिथे सुरक्षितपणे पोहोचेल का, हेही आधीच पाहा. पोहोचता येत नसेल तर तो युनिट पुढची दहा वर्षे कुणी धुणार नाही, हे धरून चाला. पाण्याची नळी मोकळी सोडू नका. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणाऱ्या पाण्याने शेजारधर्म जितका बिघडतो तितका क्वचितच कशाने बिघडत असेल.

४. जोडणीच्या दिवशी समोर उभे राहा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. ‘मोफत इन्स्टॉलेशन’ या शब्दांत स्टँड, जादा तांब्याचा पाइप, जादा तार, निचऱ्याची जादा नळी आणि भिंतीचे कोअर कटिंग (पाइपासाठी भोक पाडणे) बहुतेक वेळा येत नाही. एसीसोबत साधारण तीन मीटर पाइप मिळतो. त्यापुढे प्रत्येक मीटरला आठशे ते हजार रुपये आकारले जातात. म्हणून तंत्रज्ञाने काम सुरू करण्याआधी टेपने अंतर मोजून घ्या आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. पाइप तांब्याचाच आहे आणि त्याची जाडी कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे, हेही विचारा. दोन युनिटांमधला पाइप उगाच गुंडाळून ठेवू देऊ नका, आणि वळणावर तो चेपलेला दिसला तर तेव्हाच बदलून मागा.

आता मुख्य गोष्ट. पाइप जोडल्यावर त्यात हवा आणि तिच्यातली आर्द्रता उरलेली असते. ती व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. घाईतला तंत्रज्ञ पंप आणतच नाही. आउटडोअरची किल्ली थोडी फिरवून आतला, उष्णता वाहून नेणारा गॅस फुस्सकन सोडतो आणि ‘हवा निघाली’ म्हणून नट आवळतो. त्याने गॅस कमी होतो, आर्द्रता आत राहते आणि तिची फळे कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला) काही वर्षांनी भोगावी लागतात. तुम्ही पाहायचे ते इतकेच: पिवळी नळी पंपाला आणि निळी आउटडोअरच्या व्हॉल्व्हला लागते, पंपाचा आवाज आधी घोगरा असतो आणि हवा निघत जाते तसतसा तो बारीक होतो, गेजचा (दाबमापकाचा) काटा शून्याच्या खाली जातो. पंप किमान पंधरा-वीस मिनिटे चालू द्या. मग गेजची चावी बंद करून पंप थांबवला की दहा मिनिटे काटा जागचा हलता कामा नये. काटा वर सरकला तर कुठेतरी गळती आहे आणि गॅस सोडण्याआधी ती शोधायची आहे. जोडणीची वेळ ठरवतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणा, नाहीतर काम सुरू करू नका’ असे फोनवर सांगणे सर्वांत सोपे.

त्यानंतर इनडोअरला लेव्हल लावा, आणि निचऱ्याच्या नळीला बाहेरच्या दिशेने उतार आहे याची खात्री करण्यासाठी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहा. भिंतीतल्या भोकाला बाहेरून सील करून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात ओल आत येते आणि पाली-झुरळांना वाट मिळते.

५. दोन आठवड्यांनी फिल्टर, वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग

उन्हाळ्यात फिल्टर दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुऊन सावलीत वाळवायचा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि कुणालाही पैसे देऊन करून घेऊ नये. फिल्टर चोंदला की हवेचा प्रवाह घटतो, कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरतो आणि खोली थंड होईनाशी होते. मग आलेला तंत्रज्ञ बर्फ पाहून गॅस कमी असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात कमी हवेनेही दाब कमी दिसतो. त्यामुळे फिल्टर आणि कॉइल स्वच्छ केल्याशिवाय घेतलेल्या दाबाच्या नोंदीला अर्थ नसतो.

फिल्टरपलीकडचा मळ हाताला लागत नाही. एसी बंद करून खालच्या पट्ट्या उघडा आणि आत टॉर्च मारा: लांबट गोल ब्लोअरच्या प्रत्येक पात्यावर काळसर, नमद्यासारखा थर दिसेल. तोच थर पात्याचा खोलगट भाग भरून टाकतो, हवा ढकलली जात नाही आणि कुबट वास येतो. यासाठी फेब्रुवारीत, म्हणजे तंत्रज्ञांची गर्दी सुरू होण्याआधी, जेट पंपाने पाण्याची पूर्ण सर्व्हिस करून घ्या. दुसरी सर्व्हिस पावसाळ्यानंतर पुरे. ५०० ते ८०० रुपयांत नुसता फिल्टर झटकून आणि समोरचा भाग पुसून निघून जाणाऱ्याला थांबवा आणि पुढील कामे झाली का ते पाहा: इनडोअर कॉइल, ब्लोअर, पाण्याचा ट्रे आणि नळी, आउटडोअरचे कॉइल. आउटडोअर धुताना पीसीबीचा भाग झाकलेला असला पाहिजे. पाण्याचा झोत कॉइलवर सरळ मारावा. तिरका मारला की पातळ पंख दुमडतात.

रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईच्या समुद्रालगतच्या घरांत खाऱ्या हवेने आउटडोअर कॉइल कुरतडले जाते, म्हणून तिथे महिन्यातून एकदा एसी बंद करून साध्या गोड्या पाण्याने ते धुवावे. नाल्याजवळच्या इमारतींत सांडपाण्याचा वायू तांब्याच्या कॉइलला बारीक भोके पाडतो. अशा ठिकाणी दर वर्षी गॅस जात असेल तर वारंवार भरण्यापेक्षा कॉइल बदलण्याचा भाव विचारा.

पावसाळ्यात एसी महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर एमसीबी पाडून ठेवा. विजेचा दाब एकाएकी वाढल्याने किंवा आत शिरलेल्या पालीमुळे पीसीबी जळण्याचे प्रकार त्या दिवसांत जास्त होतात. पुन्हा सुरू करण्याआधी आउटडोअरमध्ये कबुतराचे घरटे नाही ना, हेही पाहून घ्या.

६. ‘गॅस संपला’ हे वाक्य ऐकल्यावर

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद पाइपांत फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर गळतीतूनच. त्यामुळे ‘दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो’ असे सांगणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. ती बहुतेकदा नटाच्या जोडावर असते आणि साबणाच्या फेसाचे बुडबुडे तिचा पत्ता देतात. गळती बंद न करता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

गॅस भरण्याचा खर्च साधारण २,५०० ते ४,००० रुपये येतो, म्हणून एवढी माहिती असू द्या. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे आउटडोअरवरच्या पट्टीवर छापलेले असते. नव्या यंत्रांत तो बहुधा आर-३२ असतो, काहींत आर-२९० किंवा जुना आर-४१०ए. पूर्ण गॅस भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायला सांगा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत असल्याने नुसता दाब पाहून अंदाजाने भरणे चुकीचे ठरते. आर-३२ मंद ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर सरळ प्रोपेन आहे, तेव्हा गॅस आत असताना पाइपावर गॅसची ज्योत धरणाऱ्या माणसाला तत्काळ थांबवा.

तुम्ही स्वतः करायची चाचणी सोपी आहे. दारे बंद करून १८ अंशांवर, पंखा वेगवान ठेवून पंधरा मिनिटे एसी चालवा आणि स्वयंपाकघरातल्या साध्या थर्मामीटरने आत जाणारी व बाहेर येणारी हवा मोजा. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर गॅसचे ठीक चालले आहे. खोलीत पाणी गळत असेल तर तो बहुधा गॅसचा प्रश्न नसतो. बहुतेकदा निचऱ्याच्या नळीत शेवाळ अडकलेले असते.

७. वॉरंटी आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) वाचून घ्या

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असली तरी ती फक्त त्या भागाची असते. तो बदलताना लागणारा गॅस, मजुरी आणि भेटीचे शुल्क तुमच्याकडून घेतले जाऊ शकते. संपूर्ण यंत्राची वॉरंटी बहुतेकांची एकच वर्ष असते. एएमसी दोन प्रकारची असते: एकीत सुटे भाग आणि गॅस धरलेला असतो, दुसरीत फक्त ठरावीक सर्व्हिसिंग आणि भेटी. पहिल्या पाच वर्षांत, पीसीबी आणि कॉम्प्रेसर यांची वेगळी वॉरंटी चालू असेल तर, भागांसह महागडी एएमसी घेण्यात फारसा अर्थ नाही. नीट काम करणारा एखादा स्थानिक तंत्रज्ञ परवडतो. समुद्राजवळ किंवा दमट भागात मात्र पाचव्या वर्षानंतर तिचा विचार करावा. कंपनीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करू नका, कारण खोट्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांवरून फसवणूक होते. वॉरंटी कार्डावरचाच क्रमांक वापरा.

८. जवळ ठेवायच्या गोष्टी

कागदपत्रे:
- दोन्ही युनिटांचे अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल
- वॉरंटी नोंदणीचा पुरावा आणि जोडणीची पावती
- आउटडोअरवरच्या पट्टीचा आणि तारांकित लेबलचा फोटो
- प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉबकार्ड, भरलेल्या गॅसच्या वजनासह
- सोसायटीची किंवा घरमालकाची परवानगी

साहित्य:
- टॉर्च, मऊ ब्रश आणि स्थिर शिडी
- साधा थर्मामीटर
- आउटडोअरवर पाणी मारण्यासाठी साधी फवारणीची बाटली किंवा नळी

९. रोजच्या वापरातली बचत

२०२० पासून भारतात विकले जाणारे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर लागतात. तिथून एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. २६ अंश आणि जोडीला छताचा पंखा हा आपल्या हवामानात सर्वांत किफायतशीर मेळ आहे. लवकर थंड व्हावे म्हणून १६ अंश लावण्याने विशेष काही साधत नाही. खोली २४ अंशांच्या खालीही थंड होत राहते आणि मध्यरात्री कुणीतरी पांघरुणासाठी उठतो. पावसाळी, दमट रात्री ‘ड्राय’ मोड वापरा. बंद करण्याआधी पंधरा मिनिटे नुसता पंखा चालवला की कॉइल वाळते आणि कुबट वास येत नाही.

१०. घर बदलताना आणि शेवटी

एसी काढताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून बंद करण्याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. ते न करता नट सोडले तर सगळा गॅस हवेत जातो आणि नव्या घरी पूर्ण भरणीचा खर्च तुमच्या माथी येतो. काढणे, वाहतूक, पुन्हा जोडणी आणि बहुधा नवा पाइप मिळून चार-पाच हजारांवर खर्च जातो, म्हणून आठ-दहा वर्षांच्या एसीबाबत तो नेण्यापेक्षा तिथेच विकणे बरे पडते. भंगारवाल्याला देऊ नका. तो तांबे काढून घेण्यासाठी पाइप कापतो आणि गॅस मोकळा सोडतो. एक्सचेंजमध्ये द्या किंवा ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाला द्या, आणि दिल्याची पावती घ्या.